न बघितलेले सात डायपर

अप्पांचा हात म्हणजे काटा, असं पार्सल ऑफिसात सगळे म्हणायचे, आणि अप्पांनी ते कधी नाकारलं नाही. चौतीस वर्षं एकाच खिडकीमागे बसून त्यांनी लोकांची खोकी, पुडकी, गाठोडी तोलली. शेवटी शेवटी तर खोकं काट्यावर ठेवायच्या आधीच आकडा सांगून मोकळे व्हायचे. नवीन साहेब आला की त्याच्याशी पैज लागायची आणि साहेब हरायचा. माणूस तसा सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण या एका बाबतीत भलताच ताठ. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी घरात भोपळा आला की आधी हातावर तोलायचे आणि मगच आत जाऊ द्यायचे. सून म्हणायची, "अप्पा, भाजी आहे ती. तिला कुठे पाठवायची नाहीये आपल्याला."

घरात माणसं मोजकी. अप्पांची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा मालवाहू जहाजावर, सहा-सहा महिने पाण्यावर. घरी असायचा तो फोनच्या पडद्यावर, तोही तिकडे रेंज असली तर. सून चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात कामाला. आणि दोन पोरं. थोरला अडीच वर्षांचा. त्याचा गळा असा की खालच्या मजल्यावरचा शिंपी त्याला भोंगा म्हणायला लागला, आणि मग घरच्यांनाही दुसरं नाव सुचेना. धाकटी सात महिन्यांची, गोल तोंडाची, बसवलं तिथे बसणारी. ती ठकी.

सून कामावर गेली की पोरं अप्पांकडे. याचंही अप्पांना कौतुक होतं, म्हणजे स्वतःचं. जिन्यात कुणी भेटलं की, "सगळं करतो हं मी. दूध, झोप, डायपर, सगळं." ऐकणाऱ्या बायका म्हणायच्या, नशीब काढलं सुनेने. अप्पांनी स्वतःच्या मुलाचं एक दुपटं कधी बदललं नव्हतं. आमच्या वेळी पुरुष करत नसत, असं ते म्हणायचे. खरं म्हणजे बायकोने केलं आणि यांनी करून घेतलं, एवढंच. त्यामुळे आता साठी उलटल्यावर शिकले याचं लोकांना कौतुक वाटायचं आणि अप्पा ते खाली पडू द्यायचे नाहीत.

पण ते डायपर कसे बदलायचे, हे कुणी बघितलं नव्हतं. आधी दाराला आतून कडी. मग कपाटावरची बामची डबी काढून नाकाखाली चांगला बोटभर बाम. मग मान खिडकीकडे. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर नजर ठेवून हात आपले चालू: चिकटपट्ट्या सोडायच्या, ओल्या कापसाने अंदाजाने पुसायचं, कापूस डायपरातच टाकायचा, डायपर गुंडाळायचा, पट्टी लावायची. मग तो हातावर तोलायचा. हलका लागला तर थोडी झाली, जड लागला तर भरपूर झाली. आणि टोपलीत. किळस यायची हो माणसाला. नातीवर जीव होता, तिच्यासाठी रस्त्यात गाडीसमोर उभे राहिले असते, पण तिचा डायपर उघडून बघणं त्यांच्याच्याने होत नव्हतं. हे कुणाला सांगायची वेळ आली नव्हती इतकंच.

तर झालं असं, की आधी भोंगा आजारी पडला. त्याच्या बालवाडीत चार-पाच पोरांना एकदमच उलट्या-जुलाब सुरू झाले होते. भोंग्याने पहिल्या दिवशी तीनदा उलटी केली, ती तीन वेगवेगळ्या खोल्यांत. मग जुलाब. सुनेने रजा टाकली, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मीठ-साखरेच्या पुड्या दिल्या, पाण्यात कालवून पाजायच्या. पाजायची वेळच आली नाही. पोरगं स्वतःच "पाणी" म्हणून असं बोंबलायचं की शिंपी खालून विचारायचा, काय झालं. पेला हातातून ओढून घ्यायचं, सांडायचं, पुन्हा मागायचं. एकदा तर झाडांना घालायच्या झारीला तोंड लावलेलं सापडलं. मधूनच पोट धरून रडायचं, दहा मिनिटांनी खुर्चीवर चढून उडी मारायचं. चौथ्या दिवशी त्याने केळं मागितलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

"बघितलंस?" अप्पा सुनेला म्हणाले. "चार दिवसांचा खेळ. उगाच घाबरली होतीस."

 सुनेने घरभर फडकी मारली, खेळणी धुतली, पोरांची ताटं-वाट्या वेगळ्या ठेवल्या. पण दोन पोरांच्या घरात काय वेगळं राहतंय. भोंगा जे तोंडात घालायचा ते पुढच्या क्षणी ठकीच्या तोंडात, मायेने.

मंगळवारी सकाळी ठकीने अंगावरचं दूध पिऊन सगळं उलटून टाकलं. तासाभराने पुन्हा. सून डबा भरता भरता थांबली. तिची रजा भोंग्यात संपली होती, आणि त्या दिवशी कारखान्यात माल जायचा होता. ती दारात चप्पल घालायची, काढायची, पुन्हा घालायची.

"जा गं तू," अप्पा म्हणाले. "मी आहे ना."

"भोंग्यासारखंच असेल ना हे?"

"भोंग्यासारखंच. त्याचं निस्तरलं, हिचंही निस्तरू."

तिने पुडी पाण्यात कालवून भांडं झाकून ठेवलं, बाजूला चमचा. "उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं, मग चमचा चमचा पाजायचं. आणि जुलाब सुरू झाले तर प्रत्येक जुलाबाला वाटीभर तरी गेलंच पाहिजे पोटात. आणि मला फोन करायचा. लगेच. मी येते, काय व्हायचं ते होऊ दे कामाचं. अप्पा, जुलाब सुरू झाले तर हं."

"अगं, चौतीस वर्षं सरकारी काम केलंय. एवढं लक्षात राहील."

ती गेली.

अकराच्या सुमाराला पहिला डायपर. दाराला कडी, बाम, खिडकी, टाकी. हातावर घेतला, चांगला जड. अप्पांना बरं वाटलं. म्हणजे अंगात पाणी आहे. उलटीही थांबली होती. बारा वाजता दुसरा, तो आणखी जड. मग अर्ध्याच तासाने तिसरा. अप्पांनी मनात म्हटलं, वा, पोरीने पाणी चांगलं धरलंय. जुलाबाचा पत्ता नाही. जुलाब नाहीत म्हटल्यावर वाटीभर पाजायचंही कारण नाही. सकाळपासून सात-आठ चमचे गेले होते, बास झाले.

तिसऱ्या डायपरच्या वेळी कडी लावायची राहिली. भोंगा आत शिरला, आणि पोरं जशी नको तिथे नाक खुपसतात तसं त्याने खुपसलं. तो स्वतः नुकताच शी-शू सांगायला शिकला होता, त्यामुळे या विषयातला मोठा जाणकार.

"ठकीने शी केली," तो म्हणाला.

"शू केली रे."

"शू नाही. शी. पाण्याची शी."

"हो का? तू शहाणा. जा, गाडी घे जा तुझी."

"घाण," भोंगा म्हणाला आणि गेला. अप्पांनी डायपर गुंडाळला. टाकीवर एक कावळा बसला होता, तो त्यांना आजही नीट आठवतो. डायपरात काय होतं ते आठवायला त्यांनी बघितलं तर पाहिजे ना.

एक वाजता त्यांनी आपणहून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना फोन केला, एवढं मात्र केलं. डॉक्टर घाईत होते. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या: उलटी थांबली का, जुलाब आहेत का, लघवी होतेय का. अप्पा म्हणाले, थांबली, नाहीत, भरपूर. "लघवी भरपूर आहे ना, मग घाबरायचं कारण नाही, संध्याकाळी आणा दाखवायला," असं म्हणून डॉक्टरांनी फोन ठेवला. अप्पांनी सुनेला निरोप दिला, सगळं ठीक, डॉक्टरांशी बोललो. तिने विचारलं, जुलाब? अप्पा म्हणाले, एकही नाही. ती म्हणाली, देवाची कृपा.

दुपारभर ठकी झोपली. रडली नाही, कुरकुरली नाही. मधे डोळे उघडले की छताकडे बघायची आणि पुन्हा मिटायची. भोंगा तिच्या कानाशी डबा वाजवत होता तरी हलली नाही. अप्पांना वाटलं, बरी होतेय. आजारी माणसाला झोप लागली की समजायचं आजार उतरला, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. भोंगा आजारात घर डोक्यावर घेत होता, ही बिचारी किती शहाणी, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. डायपर तेवढे झोपेतच बदलले. चौथा, पाचवा, सहावा, सातवा. सगळे जड. उचलायची गरज पडली नाही, आडवी असतानाच बदलता येत होते.

साडेपाचला सून आली. हात धुतले आणि तशीच ठकीकडे गेली. तिला उचललं आणि उभीच राहिली.

"अप्पा, ही हलकी का लागतेय?"

अप्पा पुढे झाले आणि त्यांनी नातीला हातात घेतलं. दिवसभरात पहिल्यांदा. आणि त्या हाताने त्यांना ताबडतोब सांगितलं. अर्ध्या किलोच्या वर गेलंय. पाऊण किलोसुद्धा असेल. काल होतं आणि आता नाही.  टाळूवरची मऊ जागा खोल गेली होती, डोळे आत गेले होते, ओठ कोरडे. सुनेने तिच्या गालावर टिचकी मारली तर तिने तोंड वाकडं केलं, रडल्यासारखं, पण आवाज आला नाही आणि पाणीही आलं नाही. दिवसभर डायपर तोलत बसले, पोरीला तोललं नाही.

भोंग्याला शिंप्याकडे टाकलं आणि दोघं रिक्षाने मुलांच्या दवाखान्यात गेली. वाटेत सून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. "जुलाब तर झाले नाहीत. मग असं कसं?" अप्पा रस्त्याकडे बघत होते.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण मुलगी होती, केस घट्ट बांधलेले, बोलणं थोडकं. तिने ठकीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, मग हळूहळू खाली बसली. डॉक्टरने सिस्टरकडे बघितलं, आणि सिस्टर धावतच सलाईनचं सामान आणायला गेली. मग भराभर प्रश्न. घरात आणखी कुणाला झालं होतं का?

"हिच्या भावाला," सून म्हणाली. "गेल्या आठवड्यात. पण तो तर उड्या मारत होता चौथ्या दिवशी."

"किती वर्षांचा?"

"अडीच."

"त्याला आधी एकदा तरी होऊन गेलेला असणार. रोटा विषाणू असतो, बालवाडीतून हमखास येतो. दुसऱ्यांदा झाला तर जोर कमी असतो. शिवाय तो मोठा, अंगात पाणी जास्त, आणि तहान लागली तर मागतो. अगदी तान्ह्या बाळाला झाला तर आईकडून मिळालेलं संरक्षण असतं, बरेचदा कळतही नाही. ही मधली. आईचं संपत आलेलं, स्वतःचं तयार नाही, आणि बोलता येत नाही. याच वयाला तो सगळ्यात वाईट धरतो. लस झाली होती का?"

सून खाली बघायला लागली. "एक डोस झाला. मग हिचे बाबा सुट्टीवर आले, आम्ही गावाला गेलो. परत आलो तेव्हा वेळ टळून गेली होती. मला वाटलं, चालतंय." तिचा आवाज फुटला. "माझंच चुकलं. मीच केलं हे."

आणि इथे अप्पांना काय झालं ते सांगायलाच पाहिजे, कारण त्यांनी स्वतःला ते अजून माफ केलेलं नाही. त्यांना बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. दोष कुणाचा ते ठरलं, आणि तो दुसऱ्याच्या पदरात पडला. सून शेजारी उभी राहून रडत होती आणि हे आपले छातीवरचं ओझं उतरल्यासारखा श्वास घेत होते.

"लघवी शेवटची कधी झाली?" डॉक्टरने विचारलं.

"अप्पांना विचारा," सून डोळे पुसत म्हणाली. "ते सगळं नीट बघतात. माझ्यापेक्षा जास्त."

"सात वेळा," अप्पा म्हणाले. "अकरा ते साडेपाच. भरपूर."

डॉक्टरचा हात थांबला. "इतक्या सुकलेल्या बाळाला सात वेळा? तुम्ही स्वतः बघितली?"

सून त्यांच्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर संशय नव्हता, नुसता विश्वास होता, आणि तो विश्वास अप्पांना त्या वेळी सोडवेना.

"हो," ते म्हणाले.

डॉक्टर सिस्टरकडे वळली. "मग ही जुलाबाने सुकलेली नाही. अंगात पाणी नसताना लघवी होतेच आहे म्हणजे साखर तरी असेल नाहीतर मूत्रपिंड. साखर बघ आधी."

ठकीच्या टाचेला टोचलं. साखर ठीक निघाली. मग शीर शोधायला सुरुवात झाली. सुकलेल्या अंगात शीर सापडत नाही. सिस्टरने डावा हात बघितला, उजवा बघितला, दोनदा सुई घालून काढली. ठकीने तोंड उघडलं, बारीकसा आवाज आला, पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा पावलात सुई बसली, आणि सिस्टरने आधी नळ्या भरून रक्त काढलं. डॉक्टर फोनवर मोठ्या दवाखान्याशी बोलत होती. "हो, लघवी भरपूर आहे म्हणतायत. मूत्रपिंडाचंच वाटतंय. सलाईन बेतानेच चालवते. तुमच्याकडे पाठवू का? रुग्णवाहिका तासाभरात मिळेल."

"मूत्रपिंड?" सून म्हणाली. तिने पलंगाची कड धरली. "म्हणजे काय? आयुष्यभराचं?"



 अप्पांचा हात नाकाखाली गेला तर बोटाला अजून बामचा वास. म्हणजे ही एवढीशी पोर, आपल्या एका "हो"साठी, रुग्णवाहिकेत आदळत दुसऱ्या दवाखान्यात जाणार, तिथे आणखी सुया, आणि हवं ते पाणी मात्र थेंब थेंब. 

"डॉक्टर," ते म्हणाले. "मी बघितलं नाही."

डॉक्टरने फोन कानावरून खाली घेतला. "काय नाही बघितलं?"

"डायपर. एकही उघडून बघितला नाही. मला किळस येते. नाकाला बाम लावतो आणि खिडकीकडे तोंड करून बदलतो. हाताला जड लागले म्हणून लघवी म्हटलं."

"सातही?"

"सातही. आणि पोराने सांगितलं होतं. हिच्या भावाने. पाण्याची शी आहे म्हणाला. मी त्याला हाकललं."

सिस्टरने वेळ घालवला नाही. तिने तिथल्या तिथे ठकीचा डायपर सोडला आणि दिव्याखाली पसरला. डॉक्टर वाकली. अप्पांनीही बघितलं, बघायचं ठरवलं आणि बघितलं. हिरवट पिवळं पाणी, बाकी काही नाही. पाण्यासारखंच सगळं आत शोषलं गेलं होतं, नुसत्या हाताला लघवी आणि ते यांत काही फरक कळला नसता. डोळ्यांना मात्र एका नजरेत कळलं असतं.

"जुलाब," डॉक्टर म्हणाली. "लघवी सकाळपासून झालीच नसेल." फोनवर तिने दोन शब्दांत सांगून टाकलं, रुग्णवाहिका नको म्हणाली. मग सलाईन किती वेगाने सोडायचं ते सिस्टरला सांगितलं, आणि पिशवीतले थेंब एकदम भराभर पडायला लागले. अप्पांकडे वळून ती म्हणाली, "बरं झालं आत्ता सांगितलंत." एवढंच. ती रागावली असती तर अप्पांना जरा बरं वाटलं असतं.

सून वळली. "पण अप्पा, मी फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात..." आणि ती थांबली. पुढचं वाक्य तिने गिळलं. अप्पा वाट बघत उभे राहिले, पण ते वाक्य काही आलं नाही. त्यांना तिला सांगायचं होतं की डोसाचं मनाला लावून घेऊ नकोस, दोष माझा आहे. पण ते खरं नव्हतं. डोस राहिला तो राहिलाच होता. आपल्या चुकीने तिची चूक पुसली जात नाही, आणि तिच्या चुकीने आपली, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या कळलं.

त्या रात्री ठकीला लघवी झाली. सकाळी तिने आईच्या अंगाशी जाऊन दोन घोट घेतले. दुसऱ्या दिवशी जुलाब चालूच होते, पण आता ते मोजले जात होते, बघितले जात होते, आणि तेवढं पाणी भरून दिलं जात होतं. ती रडली तेव्हा गाल भिजले, आणि सून हसली आणि स्वतःच रडायला लागली. डॉक्टर म्हणाली, मूत्रपिंडाला काही झालेलं नाही, आणखी दोन तास उशीर झाला असता तर मात्र मी असं म्हणू शकले नसते.

सून अप्पांशी वाईट वागली नाही. हेच तर. चहा आणला तर आधी त्यांना दिला. "अप्पा, तुम्ही जेवलात का?" असं रोज विचारलं. एरवी ती त्यांची थट्टा करायची, भोपळ्यावरून, पैजांवरून, तासातासाला एक टोमणा ठरलेला. दोन दिवसांत एकही नाही. नुसता आदर. अप्पांना वाटायचं, एकदा घसा फोडून बोल गं बाई, काय बोलायचं ते बोल.

दुसऱ्या संध्याकाळी मुलाचा फोन लागला. पडद्यावर त्याचं तोंड अर्धं दिसत होतं, मागे इंजिनाचा आवाज. "अप्पा, ही म्हणाली तुम्ही होतात म्हणून वेळेत दवाखान्यात आणता आलं. तुम्ही नसतात तर काय झालं असतं हो."

अप्पांनी सुनेकडे बघितलं. ती ठकीच्या पायाची पट्टी नीट करत होती, वर बघितलं नाही.

"अरे, तसं नाही," अप्पा म्हणाले. "माझ्यामुळेच..." पण तेवढ्यात चित्र थिजलं, मुलाचं तोंड उघडं राहिलं आणि फोन कटला. पुन्हा लागला नाही. अप्पांना वाटलं, मी बोललो असतो. मग वाटलं, लागला नाही ते बरंच झालं. मग हे वाटल्याची लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ठकी उठून बसली. तोंड पूर्वीसारखं गोल नव्हतं पण नजर होती. सिस्टरच्या गळ्यातली किल्ली ओढायला बघत होती. डॉक्टर म्हणाली, उद्या घरी. सून तीन दिवस त्याच कपड्यांत होती. ती म्हणाली, मी घरी जाऊन आंघोळ करून येते, भोंग्यालाही बघते, शिंपी बिचारा कंटाळला असेल.

"जा," अप्पा म्हणाले. "मी आहे..." आणि पुढचा शब्द त्यांनी खाल्ला.

सुनेने पिशवी भरली, ठकीचा मुका घेतला, पदर सारखा केला. अप्पा पलंगाला लागूनच खुर्चीवर बसले होते, ठकीचं एक बोट त्यांच्या मुठीत. सून दारापर्यंत गेली आणि बाहेरच्या टेबलापाशी थांबली. दार उघडंच होतं. तिचा आवाज नेहमीचाच होता, मऊ, घाईतला, कुणाला दुखवायचा त्यात विचारही नव्हता.

"सिस्टर, मी तासाभरात येते. तोवर बाळाकडे कुणी नाहीये, जरा लक्ष ठेवाल का?"

सिस्टर आत आली. अप्पांनी ठकीचं बोट सोडलं आणि सिस्टरला पलंगाशी येता यावं म्हणून आपली खुर्ची मागे घेतली.